अठरा घट

पूर्वी त्रेतायुगाच्या आरंभी, जेव्हा देवता मानवांच्या यज्ञमंडपात प्रत्यक्ष येऊन हविर्भाग स्वीकारीत, तेव्हा मंदस्वना नदीच्या तीरावर सौरजा नावाची समृद्ध नगरी होती. तेथील राजा उग्रकेतू याने यौवनात कंठाइतक्या जलात उभे राहून घोर तप केले, तेव्हा पाशधारी वरुण प्रसन्न झाला आणि म्हणाला, "राजा, तुझ्या राज्यातील जल तुझ्या आज्ञेत वागेल व कोणतेही शस्त्र तुला शिवणार नाही. परंतु या वराचा प्राण प्रजेने स्वहस्ते तुझ्या मस्तकी ओतलेल्या जलात राहील. दर बारा वर्षांनी तो अभिषेक पुन्हा व्हावा." हा वर राजाव्यतिरिक्त एकट्या राजपुरोहित और्णव ऋषींनी ऐकला. प्रजेच्या अठरा समूहांनी अठरा घट राजाच्या मस्तकी रिते केले, त्या दिवशी मंत्र और्णवांनीच आनंदाने म्हटले होते.

पण सत्ता स्थिरावली तसा उग्रकेतू उन्मत्त झाला. त्याने नगरद्वारी स्वतःची सुवर्णप्रतिमा स्थापिली आणि जो तिची पूजा करणार नाही त्याला जल वर्ज्य केले. प्रजेने नकार दिला. त्याच दिवशी मंदस्वना पर्वतापलीकडे थबकली. शेते करपली, गोठे ओस पडले, आश्रमांतील होमधेनू हंबरून हंबरून निपचित पडल्या. अखेर कोष्टी, कुंभार, नावाडी, कृषीवल असे सारे शस्त्रे घेऊन राजवाड्यावर चालून गेले. पण राजासमोर येताच त्यांच्या खड्गांचे पाणी झाले. त्या दिवशी सैन्याच्या हातून जे शेकडो पडले, त्यांत शफरी नावाच्या नावाडिणीचा पती तिमिंद हाही होता. अमात्य राज्य सोडून पळाले. तहानेने व्याकूळ सैन्यात कुजबुज सुरू झाली.

हे सारे पाहून और्णवांचे अन्न तुटले. राजाचे गुह्य राखण्याची त्यांनी अग्नीसमोर शपथ घेतली होती. पुढच्या अभिषेकाला पंधरा दिवस उरले, तेव्हा ते कोरड्या नदीपात्रात गेले. शफरी वाळूत झरा खणत होती.

"मुली, पाणी लागले का?"

"ओल लागली आहे, महर्षी. आपण वाट चुकलात काय? आपला मार्ग राजवाड्याकडे जातो."

और्णवांनी मान खाली घातली. "वाट मी पूर्वीच चुकलो. शपथ मोडल्याने माझे तप जळेल, ते जळो! ऐक." आणि त्यांनी वराचे रहस्य तिला सांगितले.

शफरीने हातातली ओली वाळू खाली टाकली. मग म्हणाली, "म्हणजे त्याचे बळ आमच्याच ओंजळीतले होते! आणि आम्ही लोहाराकडे धावलो." लगेच पदर खोचून ती गावोगावी निघाली.

अभिषेकदिनी सूर्य वर येताच समूहांचे अग्रणी घट घेऊन मंडपात आले. प्रथम कुंभारांच्या अग्रणीने राजासमोर घट पालथा केला. एक थेंबही पडला नाही. दुसरा घट रिता, तिसराही रिता. सतरावा नावाड्यांच्या वतीने शफरीचा होता. "महाराज, या घटात माझा पती परत घाला, मग मी पाणी ओतीन," ती म्हणाली.

अठरावा घट सेनेचा, आणि तो काठोकाठ भरलेला होता. सेनापती धृष्टबाहू तो घेऊन पायऱ्या चढू लागला, तसे और्णव आसनावरून उठून उभे राहिले. राजा हसला. "ओत, वीरा! तुझा एक घटही मला पुरे आहे."

धृष्टबाहू अर्ध्या वाटेवर थांबला. गर्दीत एक वृद्धा मूर्च्छित पडली होती. तो मागे वळला, खाली उतरला आणि तिचे मस्तक मांडीवर घेऊन त्याने ते पाणी तिच्या मुखात घातले.

"और्णवा, तू तरी ओत!" राजा ओरडला.

"राजन्, मी मंत्र म्हणू शकतो; संमती प्रजेची असते."

तत्क्षणी पर्वत गर्जला आणि मंदस्वना फेसाळत खाली झेपावली. उग्रकेतूचे तेज मावळले. लोक त्याच्यावर धावले. परंतु शफरी दोन्ही हात पसरून मध्ये उभी राहिली. "याला मारून माझे घर भरणार नाही. आपण ज्यासाठी उठलो ते पाणी आले आहे. याला जाऊ द्या." राजा अनवाणी वनाकडे चालता झाला, कोणी त्याला अडवले नाही.

तेव्हा प्रवाहातून वरुण शफरीसमोर प्रकट झाला. "कल्याणी, वर माग."

"देवा, मला सामर्थ्य नको. वाहते जल कोणा एकाच्या आज्ञेत पुन्हा कधीही देऊ नका."

"तथास्तु!" वरुण म्हणाला. और्णवांनी आपले राजचिन्हांकित उपरणे उतरवले आणि जनसमुदायात मिसळून ते ओंजळीने पाणी प्यायले. जळून गेलेल्या तपाची त्यांना आठवणही झाली नाही.

सौरजेत त्यानंतर अठरा समूहांची सभा राज्य चालवू लागली. आणि तेव्हापासून देवांनी तपस्वी राजांना दीर्घायुष्य दिले, दिव्यास्त्रे दिली, स्वर्गापर्यंत जाणारे रथही दिले. नदीवरची आज्ञा मात्र कोणालाच दिली नाही.