एकतीस जूनचं डिझेल

एका दूध संघाचे चेअरमन भाऊसाहेब मगदूम यांना आपल्या हिशेबांचा भारी अभिमान. संघाने नवं सॉफ्टवेअर घेतलं, तेव्हा जुन्या नोंदी तपासून नव्यात भरायचं काम प्रोग्रॅमर हर्षला पाटोळेला मिळालं. तिने आधीच लिहिलेल्या कोडची एक तयार लायब्ररी वापरून प्रोग्रॅम लिहिला. त्याने हजारो नोंदी बिनतक्रार वाचल्या. फक्त टँकरच्या डिझेलची एक मोठी नोंद काही केल्या घेईना. तिच्यावर तारीख होती एकतीस जून.

संचालकांच्या बैठकीत कारण ऐकण्याआधीच भाऊसाहेब कडाडले, "त्या नोंदीवर माझी सही आहे! तुमचा प्रोग्रॅमच चुकीचा. नोंद अडवणारी ती तपासणी काढून टाका, नाहीतर काम बंद!"

"काढते की, भाऊसाहेब."

"केव्हा?"

"येत्या एकतीस जूनला."

"लिहूनच ठेवतो," म्हणत भाऊसाहेबांनी ऐटीत डायरी उघडली. तीस जूनचं पान उलटलं, तर समोर एक जुलै. ते मागे गेले, पुन्हा पुढे आले.

"अहो, असं पानच नाही यात!"

"नाही ना?" हर्षला नम्रपणे म्हणाली. "मग त्या दिवशी आपल्या टँकरनं डिझेल कुठं भरलं?"

संचालकांनी माना खाली घालून हसू दाबलं. भाऊसाहेबांनी डायरी मिटली आणि इतिवृत्तात लिहवून घेतलं: प्रोग्रॅम समाधानकारक आहे, डिझेलची नोंद रद्द.