तुपाची दुसरी पळी

रंगनाथ आप्पाजी माळवदे, वय वर्षे बहात्तर, यांनी प्रश्न विचारला तेव्हा महाराज कोथिंबीर निवडत होते.

“ज्याची दृष्टी सम झाली आहे,” माळवदे म्हणाले, “मान आणि अपमान ज्याच्या लेखी सारखेच झाले आहेत, अशा पुरुषाने जेथे त्याचा अपमान झाला त्या घरी, केवळ लोकाचाराकरिता, पाऊल ठेवावे काय?”

महाराजांनी एक पिवळे पान बाजूला टाकले.

“कुणाचं घर?”

“प्रश्न तात्त्विक आहे, महाराज.”

“बरं.” आणखी एक काडी निवडून झाली. “पण घर कुणाचं?”

“…व्याह्यांचे.”

“आणि काय आहे तिथं?”

“उद्या बारसे आहे. माझ्या नातवाचे.”

महाराजांनी प्रथमच वर पाहिले. मग पुन्हा कोथिंबिरीत डोके घातले.

माळवदे यांचे आयुष्य साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर गेले होते. चेअरमनांची ट्रॉली असो वा गरिबाची बैलगाडी, आपण दोन्ही एकाच नजरेने पाहिल्या, असे ते सांगत. आणि ते खरेही होते. शाळा त्यांना सातवीपर्यंतच लाभली. पुढचे सर्व ज्ञान त्यांनी स्वतःच्या हिमतीवर, कंदिलापासून ट्यूबलाइटपर्यंतच्या उजेडात, ग्रंथांतून मिळवले होते. ग्रंथांतील सर्व विषयांत त्यांचा हातखंडा विषय म्हणजे समत्व. समत्वावर ते कोठेही बोलत. दाढी करताना न्हाव्याशी बोलत, आणि न्हावी वस्तरा थांबवून ऐके, कारण न थांबवता ऐकणे धोक्याचे होते.

मात्र दोन वर्षांपूर्वी, चिरंजीवांच्या लग्नात, व्याही श्रीपतराव खराडे यांनी मानाचा फेटा वरपित्याला न बांधता वरपित्याच्या धाकट्या भावाला बांधला. त्या दिवसापासून माळवदे यांनी व्याह्यांशी बोलणे सोडले होते. खराडे एकदा समेटासाठी दारापर्यंत आले, तेव्हा माळवदे आत ग्रंथ वाचत बसून राहिले आणि खराडे पाण्याविना परत गेले. आता बारशाचे निमंत्रण आले, तेही फोनवर. माळवदे यांनी घरात जाहीर केले की, ज्याने आसक्ती जिंकली त्याला नातू काय आणि परका काय.

त्यावर त्यांच्या पत्नी अनसूयाबाई म्हणाल्या होत्या, “हे बघा, तुमच्या पुस्तकांना विचारा, नाहीतर टेकडीवरच्या महाराजांना विचारा. मी उद्या सकाळच्या गाडीनं चालले. दूध फडताळात झाकून ठेवलेलं असेल. त्याच्याकडं समदृष्टीनं बघा, नाहीतर मांजर बघंल.”

म्हणून माळवदे टेकडी चढून आले होते. महाराजांनी ‘जाण्याचे कारण नाही’ एवढे तीन शब्द म्हणावेत, इतकीच त्यांची अपेक्षा होती. पुढचे भाष्य ते स्वतः करणार होते.

“आणि ही समदृष्टी,” महाराजांनी विचारले, “कुणाची झालीय म्हणालात?”

माळवदे यांनी नम्रपणे खाली पाहिले.

“…माझी.”

महाराजांनी कोथिंबिरीची जुडी झटकली.

“हात धुवा,” ते म्हणाले.

माळवदे यांना वाटले, आता आचमन, मग उपदेश. त्यांनी हात धुतले, तोंड धुतले, आणि प्रसन्न मुद्रेने परत येऊन मांडी घातली.

“बसू नका,” महाराज म्हणाले. “तुपाचं भांडं घ्या.”

त्या मठाची एक रीत होती. प्रश्न घेऊन येणाऱ्याला उत्तराआधी काम मिळे. त्या दिवशी मठाचा भंडारा होता, त्यामुळे कामाला तोटा नव्हता. तूप वाढण्याचे काम मानाचे, पण त्याला दोन नियम होते. तूप वाढणाऱ्याने मान वर करायची नाही. पान बघायचे, माणूस बघायचा नाही. आणि वाढणाऱ्याने शेवटी स्वतःच्या पानावरही तूप वाढून घ्यायचे. ते पडल्याशिवाय पंगतीत कोणी पहिला घास उचलायचा नाही. तूप बेताचेच कढवलेले असे. माणशी एक पळी, वाढप्याची धरून.

“पान बघायचे, माणूस बघायचा नाही,” माळवदे यांनी समाधानाने उच्चारले. “हेच ते.”

“होय,” महाराज म्हणाले. “सांडू नका.”

अंगणात पत्रावळी मांडल्या होत्या. मीठ, चटणी, वांग्याची भाजी, भाताची मूद, वर वरण. वाफ वर चढत होती. माळवदे यांनी भांडे डाव्या हातात धरले, कंबरेत वाकले आणि निघाले.

एक पान, एक पळी. पुढचे पान, पुढची पळी. एखादा हात बांगड्यांचा, एखादा भेगाळलेला, एखादा नखरंग लावलेला. माळवदे यांच्या मनात एकही तरंग उठला नाही. हे अवघड असते असे लोक का म्हणतात, याचेच त्यांना नवल वाटले.

“अवो दादा,” एका पानावरून आवाज आला, “तूप वाढताय का डोळ्यात औषध घालताय?”

“जेवढे सर्वांना, तेवढेच आपणांस, मथाक्का,” माळवदे मान खाली घालूनच म्हणाले. आवाज त्यांच्या ओळखीचा होता. पण आवाज म्हणजे माणूस बघणे नव्हे, असा निर्णय त्यांनी चालता चालता दिला.

पंगत अर्ध्याहून अधिक झाली… आणि ते थबकले.

पानाशेजारी एक उजवा हात टेकलेला होता. मनगटावर घड्याळ होते. तबकडी आतल्या बाजूला.

उजव्या मनगटावर, आणि तेही आतल्या बाजूला, घड्याळ बांधणारा माणूस माळवदे यांनी आयुष्यात एकच पाहिला होता. तोच हात त्यांनी धाकट्या भावाच्या डोक्यावर फेटा चढवताना पाहिला होता.

त्यांनी मान वर केली नाही. नियम म्हणजे नियम. पळी भरली, भातावर सोडली.

पळी किंचित हलली असावी. तूप कमी पडले काय? कमी पडले असेल, तर लोक म्हणतील, माळवद्यांनी राग काढला. रागाचा तर प्रश्नच नव्हता. त्यांनी चटकन आणखी एक पळी भरून सोडली.

आता मात्र जास्त झाले.

जास्त म्हणजे पंक्तिप्रपंच. एकाच पंगतीत एकाला उणे, एकाला दुणे. ज्याने आयुष्यभर काट्यावर एक किलोचा फरक खपवून घेतला नाही, त्याच्या हातून पंक्तिप्रपंच! माळवदे यांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी क्षणभर विचार केला; आणि मग त्यांनी ते केले, जे त्या मठात, त्या तालुक्यात, बहुधा त्यांच्या साऱ्या कुळात कोणी केले नसेल. त्यांनी पळी खाली नेली आणि वाढलेले तूप परत उपसू लागले.

घड्याळाचा हात झाकणासारखा भातावर येऊन बसला.

“बाई गं!” मथाक्का ओरडल्या. “वाढलेलं तूप उचलाय लागलं हे माणूस!”

सगळी पंगत वाकून पाहू लागली.

“राहू द्या, व्याही,” हाताच्या वरून, शांतपणे, आवाज आला. “भातानं पिलं ते.”

माळवदे यांनी पळी उचलली. पळीत वरण आले होते. ते त्यांनी कोठे टाकावे, हे न सुचून, तसेच धरून पुढे नेले आणि शेवटी एका खांबाच्या बुंध्याशी सोडले. उरलेली पाने त्यांनी कशी वाढली, ते त्यांना नंतर आठवले नाही. अखेरचे पान महाराजांचे. त्यांच्यापुरती एक पळी भरली. शेजारचे पान माळवदे यांचे स्वतःचे.

भांडे त्यांनी तिरपे केले, खरवडले. भांड्याच्या तळाशी फक्त भांडे होते.

“तुमचं पान कोरडं राहिलं,” महाराज म्हणाले.

“हरकत नाही.” माळवदे यांनी श्वास सावरला. “मला कोरडे आणि तुपाचे दोन्ही समान आहेत.”

“तुम्हांला असेल. पंगतीला नाही.”

माळवदे यांनी मागे पाहिले. सारी पंगत हात मांडीवर ठेवून त्यांच्याकडे बघत होती. वाफ विरळ होत चालली होती.

“स्वयंपाकघरात असेल थोडे…”

“नसतं,” महाराज म्हणाले. “तुमची पळी वाढून झालीय.”

“कोठे?”

महाराजांनी बोट दाखवले. पंगतीच्या मध्यावर घड्याळाचा हात अजून भातावर झाकण होऊन बसला होता.

“तिथं दोन आहेत. एक त्यांची, एक तुमची. जा. जेवा.”

“…एका पानावर?”

“पान बघायचं. माणूस कशाला बघताय?”

माळवदे उभेच राहिले. त्यांना अनेक ग्रंथ आठवले. त्यांपैकी एकही त्या वेळी उपयोगी पडेना.

“अण्णा, बसा की!” कोणी तरी ओरडले. “भात गार झाला!”

“आता नातवाचं लगीन होईस्तवर उभं राहणार का?” मथाक्का म्हणाल्या. “बसा, न्हायतर मी उठून बसते तिथं. दोन पळ्या हायत.”

पंगत हसली.

माळवदे निघाले. एवढे अंतर त्यांना टेकडीपेक्षा मोठे वाटले. श्रीपतराव खराडे यांनी न बोलता बाजूला सरकून जागा केली आणि भातावरचा हात उचलला. माळवदे बसले. मूद मधोमध फोडून खराड्यांनी अर्धी त्यांच्या बाजूला सारली. तूप दोन्हीकडे ओघळले.

पंगतीने घास उचलला.

बराच वेळ दोघे खाली बघून जेवत होते.

“आपण येथे कसे?” अखेर माळवदे यांनी पानाला विचारले.

“प्रश्न घेऊन आलो होतो,” खराडेही पानालाच म्हणाले. “सकाळपासून वांगी चिरतोय.”

“कसला प्रश्न?”

“ज्या दारातून पाणी न पिता परत आलो, त्या दारात निमंत्रण घेऊन परत जावं का नको.” त्यांनी एक घास घेतला. “पाय वळंना, म्हणून पोराला फोन करायला लावला. मनाला लागून राहिलं.”

माळवदे यांचा घास हातातच थांबला.

“फेटा…” ते म्हणाले.

“फेट्याचं आता काढलंच, तर ऐका.” खराडे प्रथमच वळले. “फेटा तुमचाच होता. कोल्हापूरहून आणला होता. तुम्ही मांडवामागं भटजींना गाठून बसला होता. निरोपावर निरोप धाडले. शेवटी मी स्वतः आलो. तुम्ही काय म्हणालात?”

“…काय म्हणालो?”

“म्हणालात, ‘मानपान ही सर्व माया आहे, श्रीपतराव. कोणाच्याही डोक्यास बांधा. सर्व डोकी समान आहेत.’”

माळवदे यांनी आठवण्याचा प्रयत्न केला. वाक्य त्यांचेच होते, यात शंका नव्हती. व्याकरण त्यांचे होते.

“मग जवळ जे डोकं होतं, त्याला बांधला,” खराडे म्हणाले. “तुमच्या भावाला मोठाच झाला. कानावर येत होता.”

माळवदे यांना ठसका लागला. खराड्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला. ठसका होता की हसू, हे दोघांनाही नीट कळले नाही. पण थोड्या वेळाने खराड्यांनाही तोच लागला.

जेवणे झाली. पत्रावळी उचलल्या गेल्या. दोघांची एकच असल्यामुळे कोणी उचलावी यावरून थोडी ओढाताण झाली आणि ती फाटली.

निघताना माळवदे महाराजांपुढे उभे राहिले. खराडे दारात चपला घालत होते.

“महाराज, माझा प्रश्न तसाच राहिला. ज्याची दृष्टी सम झाली आहे, त्याने…”

महाराज उरलेली कोथिंबीर ओल्या फडक्यात गुंडाळत होते.

“दृष्टी सम झाली की सगळी बाळं सारखीच दिसतात,” ते म्हणाले. “तसं व्हायच्या आत नातू बघून या.”

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने माळवदे पत्नीबरोबर बारशाला गेले. फडताळातले दूध मांजराने प्याले. समत्वावर ते अजूनही बोलतात, पण जेवताना बोलत नाहीत. आणि नातू पाटावर बसून जेवू लागल्यापासून त्याच्या भातावर ते तुपाच्या दोन पळ्या वाढतात.