खडकवण्याची ठकूआत्या

किती वर्षं झाली ते सांगणारं आता कोणी उरलेलं नाही. खडकवणे गावात तेव्हा ठकूबाई गुरवीण राहायची. सगळं गाव तिला ठकूआत्या म्हणायचं. देवळाच्या भिंतींवर चित्रं काढणं हे तिचं काम. गेरू, चुना, हळद आणि काजळी एवढ्या रंगांत ती अशी गाय काढायची की वासरं भिंतीला लुचायला जायची, असं म्हणतात.

एका चैत्रात गावात देवीची साथ आली. काशी कोष्टिणीची सात वर्षांची पारू त्यात गेली. त्या काळी फोटो कुठले? दिवाळी झाली आणि काशी धावत ठकूआत्याकडे आली.

"आत्या, मला माझ्या लेकीचं तोंड आठवेना गं! तू काढून दे."

"मी नाही काढणार. तू काढ."

"मी? मला साधी रांगोळी येत नाही!"

"तिची वेणी कोण घालायचं?"

"मीच."

"मग भांगापासून सुरू कर. तुझ्या हाताला ठाऊक आहे."

आत्यानं आपल्या घराची बाहेरची भिंत पांढरी करून दिली. काशी रोज काढायची, रोज रडायची. आत्या पुन्हा चुना फिरवायची. असे चाळीस दिवस गेले, असं म्हणतात. एकेचाळिसाव्या सकाळी पारूची आजी पाण्याची घागर घेऊन तिथून चालली होती. भिंतीपाशी थबकून ती म्हणाली, "पारे, उन्हात काय उभी राहिलीस? घरी चल."

काशी कितीतरी महिन्यांनी हसली.

मग साथीत पोरं गेलेल्या बाकीच्या आयाही आल्या. आत्यानं सगळ्यांना शिकवलं, चित्र मात्र एकीलाही काढून दिलं नाही. म्हातारपणी तिची नजर गेली, तरी भिंतीवरून तळहात फिरवून ती सांगायची, "नाक जमलं. हसू राहिलंय." पुढं कितीही पाऊस कोसळला तरी त्या भिंतीवरचा एकही चेहरा ओघळला नाही, असं म्हणतात.

आत्या गेली, तेव्हा बायकांच्या ध्यानात आलं की तिचं चित्र कोणीच काढलेलं नाही. काढायला बसल्या, तर कोणी म्हणे ती उंच होती, कोणी म्हणे ठेंगणी. वाद मिटेना. शेवटी काशी म्हणाली, "जिला जशी आठवते तशी काढू द्या की."

तेव्हापासून दर पाडव्याला गावात एक भिंत पांढरी करतात, आणि प्रत्येक पोर आपापली ठकूआत्या काढतं. चुकलं असं कोणी म्हणत नाही. गेल्या पाडव्याला सुतारांच्या मंजुळेनं तिला चष्मा घातला. चार म्हाताऱ्या जमल्या, बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांतली एक म्हणाली, "होय गं. अशीच असणार."