एकावरचा पंखा

“…मग ती रागावलीय असं समजायचं का, बाबा?”

गुलाबशहा फकिरानं रिमोट कानाला लावला. हलवून पाहिला. मग चिंचेवर बसलेल्या माकडाकडे रोखून बटण दाबलं.

माकड ढिम्म.

“बंदच दिसतो,” फकीर म्हणाला.

त्या साली वर्धेकडचा उन्हाळा असा होता की विहिरीतले बेडूक काठावर येऊन प्यायला पाणी मागत. गुलाबशहाचं वय कोणाला ठाऊक नव्हतं. इंग्रज जायला निघाले तेव्हा यानंच त्यांना पाणी पाजून वाटेला लावलं, असं गावात सांगत. आणि त्याच्यासमोर, गावाबाहेरच्या त्या चिंचेखाली, प्रल्हादराव डेहणकर घामानं निथळत बसले होते.

प्रल्हादरावांचं आयुष्य वीज खात्यात गेलं. अर्धा जिल्हा मी उजळला, असं ते छाती काढून सांगायचे. उरलेला अर्धा अंधारात का राहिला, हे विचारायची कोणाची हिंमत नव्हती. फकीर वगैरे प्रकार त्यांना कधीच पटला नाही. इथे दर गुरुवारी यायची ती सिंधू, त्यांची बायको.

चैतात सिंधू वारली. तेव्हापासून दोघांच्या खोलीतल्या पंख्याचा रिमोट चालत नव्हता.

“सेल बदलले?”

“बदलले.”

“उलटे घातले असशील.”

“बाबा, मी वीज खात्यातून रिटायर झालोय!”

“म्हणूनच विचारलं.”

प्रल्हादरावांनी राग गिळला. सेलची टोकं त्यांनी घासून पुसली होती. रिमोट उन्हात ठेवला होता. मोबाइलच्या कॅमेऱ्यापुढे धरून त्याच्या नाकावरचा दिवा लुकलुकतो का, तेही पाहिलं होतं. लुकलुकत होता.

“रिमोट बोलतो, बाबा. पंखा ऐकत नाही.”

फकीर रिमोटवरची प्लास्टिकची पिशवी सोडवायला लागला.

“अं हं! ती राहू द्या… तिनं घातलीय.”

फकिराचा हात थांबला.

“पंखा फिरतो तरी का?”

“फिरतो ना. एकावर.” प्रल्हादरावांचा आवाज खाली आला. “दवाखान्यात न्यायचं होतं. गाडी दारात उभी. हिला धरून उठवलं, तर म्हणते, थांबा जरा. अन् पंखा पाचावरून एकावर केला. मग निघाली… ते शेवटचं बटण, बाबा. तिनं दाबलेलं.”

“एकावर उकडत असेल तुला.”

“भट्टी आहे भट्टी. डोळ्याला डोळा लागत नाही.”

“मग आजच का आलास?”

“उद्या पोरगी मिस्त्री घेऊन येतेय. म्हणते, बाबा, तुम्ही भाजून निघाल, हा पंखाच उतरवते. रिमोट चालला तर नाही उतरवणार. तिनं कबूल केलंय.”

फकिरानं मान हलवली. मग सहज विचारलं,

“भिंतीवरचं बटण बंद करून परत चालू केलं का?”

शेंबडं पोरही आधी तेच करेल. प्रल्हादराव चिंचेकडे पाहत राहिले.

“केलं का रे?”

“…नाही.”

“का?”

“त्याच्यावर चिकटपट्टी मारलीय. चुकून कोणाचा हात लागायला नको. लाइन गेली की मी दिवे, टीव्ही, फ्रिज, सगळं बंद करतो अन् अंधारात बसतो. इन्व्हर्टर पंख्याला पुरला पाहिजे.”

“अन् बंद केला तर?”

“तर रिमोट चालेल बहुतेक.” प्रल्हादरावांनी उपरण्यानं तोंड पुसलं. ते बराच वेळ पुसत राहिले. “पंखा बंद करायचा, चालू करायचा, लगेच रिमोट दाबून धरायचा. दोघांची नव्यानं ओळख पटते. अख्ख्या आळीला मीच करून देतो हे… पण हा पंखा एकदा बंद झाला की मागचं विसरतो. परत लागतो तो थेट पाचावर.”

चिंचेचं एक पान हलत नव्हतं.

“तिचं एक जाईल, बाबा.”

“ती होती तेव्हा कितीवर असायचा पंखा?”

“कितीवर? एका जागी राहील तर ना! मी पाच करायचो, ती थंडी वाजते म्हणत एक. मी पाच, ती एक. रिमोट उशीखाली घेऊन झोपायची बाई. मी हळूच ओढायचो, तर डोळे न उघडता म्हणायची, अहो, जागी आहे मी.” प्रल्हादराव हसले. हसू आपल्याला कुठून आलं, हे त्यांचं त्यांनाच कळेना. “रिमोट यायच्या आधी तर रेग्युलेटर होता भिंतीवर. कडकड वाजायचा. उठून जायची, पण एकावर करून यायची!”

“अन् आता पाच कोण करतं?”

प्रल्हादरावांचं हसू तोंडावरच राहिलं.

“…कोणीच नाही.”

माकड उतरून निघून गेलं. ऊन पायांपाशी आलं.

मग फकिरानं रिमोट प्रल्हादरावांच्या तळहातावर ठेवला आणि त्यांची बोटं एकेक करून त्यावर मिटवली.

“जा. पट्टी काढ, अन् पाचावर कर,” तो म्हणाला. “तिच्या बाजूला गोधडी काढून ठेव.”