वालाने ऐकलं नाही

फार मागे, भांडी बोलायची तेव्हाची गोष्ट. रात्रभर भिजलेला वाल हंडीत शिजत होता. तेवढ्यात कोकमाने आत उडी मारली आणि दरडावलं, “मऊ हो लवकर! तो मूग बघ, कधीच शिजला.”

वाल टणकच राहिला.

“हट्टी मेला! हंडीबाई, टाका याला उकिरड्यावर.”

हंडी एकदा कोकमाकडे, एकदा वालाकडे बघू लागली. वाल मात्र बधला नाही. “टाका खुशाल! आंबटात मी शिजायचा नाही. आधी याला बाहेर काढा.”

शेवटी हंडी धीर करून उतू गेली आणि कोकम बाहेर पडलं. मग तिने वालाला नुसत्या पाण्यात रटरटू दिलं. घटकाभरात तो लोण्यासारखा मऊ झाला.

आता त्यानेच हाक मारली, “ये रे कोकमा, आता तू हवास. पण पुन्हा मी शिजायच्या आधी आत शिरायचं नाही!”