दट्ट्यावरची जागा

धानोलीच्या तळ्यावर आलात, की पाळीलगतच्या, म्हणजे बांधालगतच्या, चौथऱ्यावर एक ओंडका दिसतो. बसून बसून गुळगुळीत झालेला. तळ्याची मोरी बंद करायचा हा जुना दट्ट्या. पाहुण्यांनी त्यावर बसायचं नसतं. त्याची गोष्ट जुनी माणसं अशी सांगतात.

वरची धानोली आणि खालची धानोली पाण्यावरून एकमेकींची डोकी फोडायच्या. शेवटी दोन्ही पाटलांनी सोयरीक जोडून तह केला. वरच्या पाटलांची भागरता खालच्या पाटलांची सून झाली. पाणी वाटायला चार पंच नेमले, चारही पुरुष. जिच्या लग्नावर तह उभा, तिला कोणी विचारलंसुद्धा नाही.

तिसऱ्या साली पावसाने ओढ दिली. भागरताचा भाऊ रूपचंद वरचा पाटील झाला होता. त्याने मोरी बंद केली. खाली धान पिवळं पडलं. सासऱ्याने काठ्या काढल्या. आता भावाचं डोकं फुटो की नवऱ्याचं, रडायचं आपल्यालाच, हे भागरताला कळून चुकलं.

भर दुपारी तिने पदर खोचला आणि पाण्यात बुडी मारली. दोन गड्यांना न हलणारा दट्ट्या तिने एकटीने उपटला म्हणे! पाणी गर्जत सुटलं. तिने ओंडका चौथऱ्यावर ओढला आणि त्यावरच बसली.

दोन्ही गावं धावत आली.

"काय करून राहिली तू, भागरते? तळं रिकामं होते ना!" रूपचंद ओरडला.

"होऊ दे. भांडायला काही उरणारच नाही."

"सूनबाई, दट्ट्या दे वो," सासरा काकुळतीला आला.

"मामाजी, पंचांत माझी जागा कुठं हाये?"

"बाई पंचांत बसली तर चूल कोण फुंकल?" गर्दीतून कोणीतरी हसलं.

"धानच नाही पिकलं, तर चुलीवर काय ठेवता, बाप्पा?"

हसू विरलं. घाटाची सहावी पायरी उघडी पडली, सातवी पडली. आठवी दिसली तसा रूपचंद बहिणीसमोर मातीत बसला.

"बोल बाई."

"चार दिवस पाणी वर, चार दिवस खाली. आणि वरची लेक, खालची सून असलेली बाई बसल्याशिवाय पंचांनी बसायचं नाही."

भावाने आणि सासऱ्याने पाण्यात हात बुडवून शपथ घेतली. मगच ती उठली. दोघांनी मिळून दट्ट्या बसवला.

पुढे मोरीला लोखंडी दार आलं आणि दट्ट्या भागरता बसली होती त्या जागी आणून ठेवला. आजही पाणी सोडायची बैठक इथेच भरते. मागल्या साली वरची लेक, खालची सून असलेल्या मंजुळाबाईला धानाच्या रोवणीवरून यायला उशीर झाला. चिखलाच्या पायांनी येऊन ती ओंडक्यावर टेकेपर्यंत दोन्ही गावांचे सरपंच तासभर उन्हात उभे होते.