बंद तोंडाच्या गाडग्याची कहाणी

ऐक प्रभू कृपावंता, तुझ्या मुठीची कहाणी.

पौषातली सकाळ होती. धुकं असं दाट उतरलं होतं, की देवळाचा मनोरा दिसेना, नुसती घंटा तेवढी ऐकू येई. हरभऱ्याच्या घाट्यांवर दंव होतं. गुरांच्या नाकातून वाफा निघत होत्या. उन्हाची वाट बघत माणसं भिंतीला टेकून बसली होती. अशा दिवशी काय झालं, ते निवांत ऐका.

आटपाट गाव होतं. गावाच्या उगवतीला ख्रिस्ती वस्ती होती. तिथं शांतवन नावाचा म्हातारा राहत होता. शाळेची पायरी चढला नव्हता. अंबाडीचे दोर वळावेत, बाजारी न्यावेत, रविवारी देवळात मागच्या बाजूला बसावं, असा त्याचा शिरस्ता. त्याची बायको रिबका. मुलगा ट्रकवर, मुलुखभर फिरे. घरात सून होती, तिचं नाव सुवार्ता. शेजारी भागू कुंभारीण होती. तिचा देव वेगळा, पण दोन्ही घरांचा विस्तव एकच. इकडचा विझला की तिकडून आणावा.

रिबकेनं वसा घेतला होता. कोणता वसा? मुठीचा वसा. तो कसा वसावा? सुपात धान्य घ्यावं, खडे निवडावेत. चुलीकडं जाण्याआधी मूठभर दाणे देवाचे म्हणून गाडग्यात घालावेत. घरात पोतं असो, पायली असो, नुसता पसा असो, मूठ चुकवू नये. कापणीचा सण आला, की गाडगं देवळात न्यावं, वेदीपुढं रितं करावं. घरोघरचं धान्य एक करून देवळाच्या पाळकांच्या कणगीत ठेवावं. ज्या घरी दुखणं आलं, ज्या घरी चूल निवाली, त्या घरी ते पोचतं करावं. दिल्याची फुशारकी मारू नये, घेणाऱ्याला मान खाली घालायला लावू नये.

वस्तीत सगळ्यांची गाडगी उघड्या तोंडाची. शांतवनाचं तेवढं निराळं. त्यानं फार मागं देवळात एक उपदेश ऐकला होता. कुणी एक नवराबायको होती. त्यांनी देवाच्या नावाचं थोडं मागं ठेवलं, आणि दोघं उभ्या जागी मेली. बाकीचा उपदेश तो विसरला, तेवढं भय राहिलं. मग तो भागूकडं गेला. म्हणाला, देवाच्या गाडग्याचं तोंड बंद कर, दाणे आत जाण्यापुरती चीर ठेव. भागू हसली. म्हणाली, पोरांच्या गल्ल्यासारखं? तो म्हणाला, तसंच, सणाला फोडू. आत गेलेला दाणा बाहेर येता कामा नये.

तर त्या धुक्याच्या सकाळी रिबका सूप घेऊन बसली. मूठ भरली, गाडग्याकडं वळली, आणि पोट धरून खाली बसली. दाणे भुईवर सांडले. शांतवन दोर टाकून धावला, सून पीठभरल्या हातानं धावली, पलीकडून भागू धावली. बैलगाडी जुंपली. दवाखान्यात नेली.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. म्हणाल्या, पोटात गाठ आहे. काढली तर बाई वाचेल. पण अंगात रक्त नाही. आज हात लावला तर ती सोसायची नाही. औषध देते, पोटभर खाऊ घाला, अंग धरू द्या, मग आणा. मात्र फार दिवस लावू नका.

शांतवनानं रिबकेला घरी आणली. मग काय झालं? तिच्या उशाशी तो बसून राहिला, दोर वळायचे राहिले, बाजार बुडाला. मुलाचा ट्रक परमुलखात घाटाखाली मोडून पडलेला, त्याचा निरोप नाही. पोत्याचा तळ दिसू लागला. पण शांतवन वसा विसरला नाही. सून सूप घेऊन बसली, की तो आधी मूठ काढी. रिबकेची मूठ लहान, त्याची मोठी. दोर वळून वळून पंजा फावड्यासारखा झालेला. वाटे, देव एवढी मूठ बघेल आणि रिबकेला उठवील. गाडगं भरत गेलं. रिबका वाळत गेली.

मग पाळकीणबाई आल्या. डोईवर कणगीतल्या धान्याचं गाडगं होतं. शांतवन उंबऱ्यात उभा राहिला. म्हणाला, आमचं बरं चाललंय, दुसऱ्या घरी न्या.

पाळकीणबाई दुसऱ्यांदा आल्या. तो म्हणाला, आम्ही देणाऱ्यांतले, बाई. दिलेलं परत घेत नसतो.

पाळकीणबाई तिसऱ्यांदा आल्या. त्यानं कडीच घातली. त्यांनी थोडा वेळ वाट बघितली, मग गाडगं भागूच्या अंगणात, चाकापाशी ठेवलं आणि निघून गेल्या.

भागू कुंपणाशी आली. म्हणाली, "शांतवनदादा, आमच्या देवाचा प्रसाद तुम्हाला चालत नाही. तुमच्या देवानं धाडलं ते तुम्ही माघारी लावता. मग वहिनींनी खावं तरी कुणाच्या नावानं?"

शांतवन माघारी वळला. घरात आला. सून चुलीपुढं रिकामी बसली होती. आपल्या वाट्याची भाकर ती कधीची सासूला भरवीत होती, आणि जेवले म्हणून सांगत होती. त्या दिवशी चुलीवर नुसतं पाणी होतं.

रिबकेनं विचारलं, दारात कोण येऊन गेलं? शांतवन खोटं बोलू जाणत नव्हता. सगळं सांगितलं. पाळकीणबाई कशा आल्या, आपण कशी कडी घातली. मग भयाचंही सांगितलं. म्हणाला, ते देवाचं धान्य आहे गं. आपलीच मूठ आहे त्यात. तू खाल्लंस आणि काही वाईट झालं, तर मी कुठं जाऊ?

रिबकेनं त्याच्याकडं मान वळवली. मग हळू बोलली.

"अहो, माझी मूठ जन्मभर लोकांच्या घरी गेली. ती खाल्ली म्हणून कुणी मेलं?"

"नाही."

"मग ती माझ्याच घरी येताना विखार होऊन येते होय? आणि तसं असलं, तर मी आजवर लोकांच्या घरी काय धाडत होते?"

रिबकेनं डोळे मिटले. म्हणाली, मला भूक लागली आहे. दुखणं आल्यापासून हे ती पहिल्यांदा म्हणाली.

मग शांतवन उठला. कडी काढली. कुंपणापर्यंत चार पावलांची वाट, पण त्याला ती डोंगराएवढी झाली. जन्मात त्यानं कुणाकडं काही मागितलं नव्हतं. भागू चाकावर होती. त्यानं खाकरून म्हटलं, "भागूबाई, आमचं गाडगं द्या."

भागूनं चाक थांबवलं. टोमणा मारायची तिची वेळ होती, पण मारला नाही. मातीचे हात पदराला पुसले, गाडगं उचललं, त्याच्या हातात दिलं. आपल्या घरचा गुळाचा खडा वर ठेवला.

सुवार्तेनं धान्य सुपात घेतलं. त्यात ज्वारी होती, बाजरी होती, तांदळाच्या कण्या होत्या, मूग होते. कुणाच्या शेतातलं, कुणाच्या मजुरीतलं, कुणी उसनं आणून घातलेलं. रिबकेनं सुपात हात घातला, एक दाणा चिमटीत धरला. म्हणाली, हा टपोरा शाळू बघा. हा आपल्याच घरचा. आणि कधी नव्हे ती हसली.

मग सुनेनं जात्यावर भरड काढली. पातळ आंबील शिजवली. वाटी सासूपाशी आणली. तेवढ्यात शांतवनानं ती हातातून काढून घेतली. म्हणाला, दोष लागायचा तर आधी मला लागू दे. एक घोट घेतला, आणि मांडी घालून, डोळे मिटून वाट बघत बसला.

चुलीत काटकी तडकली. शेवटी रिबकेनं विचारलं, काय होतंय का हो?

शांतवन म्हणाला, "अजून तरी नाही."

सून म्हणाली, "मामा, निवतंय. आत्याबाईंना द्या."

मग रिबका प्याली. पहिल्या दिवशी चार घोट प्याली. मग वाटीभर प्याली. मग भाकरीचा पापुद्रा मागितला. गाडगं सरत आलं, की दारात दुसरं ठेवलेलं असे. कोण ठेवी, कुणी सांगितलं नाही, यांनी विचारलं नाही. सून जेवू लागली. शांतवन पुन्हा दोर वळू लागला. रिबकेच्या नखांवर लाली आली. मुलगाही पोचला, आल्या पावली आईचे पाय दाबत बसला.

मग तिला पुन्हा दवाखान्यात नेली. डॉक्टरीणबाईंनी डोळ्याची पापणी ओढून पाहिली, मान हलवली, आत घेतली. बाहेर बाकावर मुलगा बसला, सून बसली, भागू बसली. शांतवन भिंतीला धरून उभा राहिला. त्याला मोठी प्रार्थना येत नव्हती. तो म्हणाला, प्रभू, तुझी मर्जी असं म्हणतात, पण माझी जीभ वळत नाही. मला ती परत हवी. घ्यायला आता शिकलो आहे, दे.

दार उघडलं. गाठ निघाली होती. रिबका जिवंत होती. शांतवनानं डोक्याचं पागोटं काढलं आणि तिथंच गुडघे टेकले.

पहिल्यासारखं बळ काही तिला आलं नाही. घागर उचलवत नाही, जातं ओढवत नाही. पण देवळात जाते, सुनेशी चेष्टा करते, नवऱ्याला दटावते. तेवढ्यासाठी शांतवन रोज सकाळी देवाचे उपकार मानतो.

कापणीचा सण आला. शांतवनानं कोपऱ्यातलं बंद गाडगं देवळात नेलं, वेदीपुढं फोडलं. दुखण्यातल्या मोठ्या मुठी खळखळून बाहेर आल्या. ज्या घरी जायच्या, त्या घरी गेल्या. मग घरी उपकारस्तुती झाली. सगळी वस्ती आली, भागूही आली. तिच्यासाठी चटई आधी अंथरली.

प्रभू कृपावंता, जसं रिबकेला उठवलंस, तसं सगळ्या घरांतल्या दुखणाईतांना उठव. शांतवनाला जसं देणं दिलंस, घेणं शिकवलंस, तसं आम्हां ऐकणाऱ्यांनाही दे, शिकव. वाचेल त्याला, ऐकेल तिला, न आलेल्याच्या घरीही हेच फळ लाभो. ही घराघरांच्या दाण्यांची कहाणी, एका मुठीत सुफळ संपूर्ण.

आता नवं गाडगं हवं होतं. प्रार्थना झाली, लोक पांगले, तसा शांतवन भागूच्या अंगणात गेला. म्हणाला, देवाचं गाडगं घडवून द्या. भागूनं मातीचा गोळा चाकावर ठेवला, चाक फिरवलं, अंगठा मधोमध दाबला. मान वर न करता म्हणाली, "दादा, ह्या खेपेला तोंड उघडंच ठेवते. घालायला तेच, काढायला तेच."